स्वीडनने टॅब काढले म्हणून आपण टीव्ही विकायचा?

शाळा व्यवस्थापन समितीच्या मागच्या बैठकीत एका पालकाने मोबाईलवर आलेला मेसेज मोठ्याने वाचून दाखवला. पालकांच्या आणि शिक्षकांच्या ग्रुपवर तो सध्या सारखा फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. मजकूर थोडक्यात असा: स्वीडनने शाळांतून टॅब-संगणक हद्दपार करून पुस्तकं परत आणली. स्क्रीनवर शिकून मुलांना काही येत नाही, हे संशोधनाने सिद्ध झालंय. आपण सगळे खडू-फळ्यावर शिकलो, आपलं काही अडलं नाही. आणि शाळेतच मोबाईल दिसला तर मुलं रील बघणारच. तेव्हा आपल्या शाळेतले टीव्ही आणि टॅब बंद करायला लावा. त्या पालकाने पुढे सुचवलं, टीव्ही विकू आणि त्या पैशात मुलांना वह्या घेऊ.

आमची शाळा दोनशिक्षकी. तिसरी-चौथी एका खोलीत माझ्याकडे. टीव्ही ३२ इंची, गावाने लोकवर्गणी काढून घेतलेला. त्या पालकाची काळजी मला खरी वाटते, म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘स्वीडनने तंत्रज्ञान हद्दपार केलं.’

स्वीडनमध्ये २०२३ साली घडलं ते असं. बालवाडीत डिजिटल साधनं वापरलीच पाहिजेत असं बंधन तिथे होतं. तेव्हाच्या शालेय शिक्षण मंत्री लोट्टा एडहोल्म आणि त्यांच्या सरकारने ते मागे घ्यायचं ठरवलं आणि सहा वर्षांखालच्या मुलांना स्क्रीनपासून दूर ठेवण्याचं धोरण जाहीर केलं. शाळांना छापील पुस्तकं घेता यावीत म्हणून त्याच वर्षी ६८.५ कोटी क्रोनर दिले. कारण तिथल्या अनेक वर्गांत पाठ्यपुस्तकाची जागाच टॅबने घेतली होती. कॅरोलिन्स्का या नामवंत वैद्यकीय संस्थेनेही सरकारची बाजू घेतली: छापील पुस्तक आणि जाणकार शिक्षक यांच्याकडे परत चला. चौथीच्या मुलांच्या वाचनाची जी आंतरराष्ट्रीय चाचणी होते, तिच्यात स्वीडनचे गुण २०१६ मध्ये ५५५ होते, ते २०२१ मध्ये ५४४ झाले. ही घसरण त्यांना लागली, आणि लागायलाच हवी होती. पण मोठ्या वर्गांतले संगणक काही कुणी उचलून नेले नाहीत.

आता आपल्याकडे बघा. बालभारतीची पुस्तकं जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीच्या मुलांना फुकट मिळतात. माझ्या वर्गात प्रत्येकाच्या दप्तरात पुस्तक आहे आणि सगळ्यांत मिळून एक टीव्ही. जे पुस्तक आपण कधी काढलंच नाही, ते परत कुठून आणायचं? स्वीडनकडून घ्यायचंच असेल तर दोन गोष्टी घेऊ: अगदी लहान मुलांना स्क्रीन नको, आणि पुस्तकाच्या जागी स्क्रीन नको. या दोन्हींना मी मनापासून हो म्हणते.

‘स्क्रीनवर शिकून काही येत नाही, हे सिद्ध झालंय.’

या मुद्द्यावर मी थोडी रेंगाळणार आहे, कारण सगळं पाणी इथेच मुरतं.

लांब कशाला, बडोद्याचं उदाहरण घेऊ. तिथल्या महापालिका शाळांत चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास संगणकावर गणिताचे खेळ दिले. एका संगणकावर दोन मुलं. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी त्याची तपासणी केली, २००७ साली ती छापून आली. मुलांचं गणित चांगलंच सुधारलं होतं. कार्यक्रम थांबल्यावर मात्र त्यातला बराचसा फायदा ओसरला, तेही त्यांनी लिहिलंय.

दिल्लीत सहावी ते नववीच्या मुलांवर झालेला प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. शाळा सुटल्यावर ४५ मिनिटं संगणक आणि ४५ मिनिटं छोट्या गटात शिकवणी. कुणाला घ्यायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं, म्हणजे हुशार मुलंच निवडली असं म्हणायला जागा नाही. साडेचार महिन्यांत ही मुलं गणितात आणि हिंदीत इतरांच्या बरीच पुढे गेली. कारण काय? सहावीतलं सरासरी मूल गणितात सुमारे अडीच इयत्ता मागे होतं. वर्गात सहावीचं पुस्तक चालू होतं आणि संगणक त्या मुलाला चौथीची गणितं देत होता, जिथे ते अडलेलं होतं तिथली. पन्नास मुलांच्या वर्गात एकट्या शिक्षकाने हे रोज करणं किती कठीण आहे, ते वर्गावर उभं राहणाऱ्याला विचारा.

मेसेजवाल्यांच्या बाजूचे पुरावेही आहेत, ते लपवायचं कारण नाही. पेरू देशाने गावोगावच्या मुलांना लॅपटॉप वाटले. भाषा आणि गणितात फरक पडला नाही. गुजरातमध्ये एकच संगणक कार्यक्रम दोन पद्धतींनी वापरून पाहिला. जिथे त्याने शिक्षिकेच्या शिकवण्याचा वेळ खाल्ला, तिथे मुलं मागे पडली. जिथे तो शाळेच्या वेळेबाहेर जोडीला दिला, तिथे मुलांना फायदा झाला. यंत्र तेच, कार्यक्रम तोच.

म्हणून मी नवीन साधन हातात घेताना एवढंच बघते, की यासाठी वर्गातलं काय बाजूला पडणार आहे आणि मूल त्या वेळात स्वतः काय करणार आहे.

हे मला पहिल्या वर्षी कळलं नव्हतं. टीव्ही आला तेव्हा मी हौसेने एकामागून एक कवितांचे व्हिडिओ लावत होते. मुलं तालात, हातवारे करून म्हणायची, मला वाटायचं काय छान चाललंय. एक दिवस विचारलं, कवितेतली मुलगी नदीवर कशाला गेली? वर्ग चिडीचूप. चाल पाठ होती, अर्थ कुणाच्या गावीही नव्हता. चूक माझी होती. तेव्हापासून रिमोटवरचं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं बटण थांबवायचं आहे. बी रुजण्याचा दोन मिनिटांचा व्हिडिओ मी तीनदा थांबवते. आधी मूळ येईल की पान? पाटीवर लिहा. पाट्या वर. मग पुढे. पाटीवर ‘पान’ लिहिलेला मुलगा मूळ बाहेर पडताना ज्या डोळ्यांनी बघतो, ते सलग व्हिडिओत मला कधी दिसलं नव्हतं. आणि त्याच आठवड्यात ओल्या फडक्यात मटकी बांधतोच. व्हिडिओ आहे म्हणून मटकी सुटत नाही.

‘आम्ही खडू-फळ्यावरच शिकलो, आमचं काय अडलं?’

तुमचं अडलं नाही, कारण तुम्ही टिकलात. तुमच्या वर्गातली जी मुलं वाचता येत नाही म्हणून चौथी-पाचवीतच गळाली, ती हा मेसेज पुढे पाठवायला ग्रुपमध्ये नाहीत. त्यांच्या वतीने कुणी विचारायचं? खेड्यापाड्यांतल्या मुलांना काय वाचता-करता येतं हे देशभर तपासणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या फक्त ४८.८ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. खडू-फळा तर प्रत्येक वर्गात आहे. माझ्याही हाताला दिवसभर खडू लागलेला असतो आणि तो राहणारच आहे. पण त्याला न जमणारी एखादी गोष्ट दुसऱ्या साधनाने जमत असेल तर ती मुलापासून का हिरावायची?

तिसरीतली एक मुलगी वाचायला उभी राहिली की सुसाट सुटायची. पूर्णविराम, स्वल्पविराम, सगळं पायाखाली. मी ‘सावकाश’ म्हणून म्हणून थकले. एकदा माझ्या फोनवर तिचं वाचन रेकॉर्ड केलं आणि तिलाच ऐकवलं. फोन कानाला लावून ती पुस्तकातल्या ओळीवरून बोट फिरवत होती. मध्येच बोट थांबलं. म्हणाली, “मॅडम, मी इथं थांबलेच नाही.” तिने स्वतःहून पुन्हा वाचलं, पुन्हा ऐकलं. तिसऱ्या वेळी ती पूर्णविरामाला थांबली. हे फळ्याने कसं केलं असतं? त्यासाठी इंटरनेट लागलं नाही, टॅब लागला नाही, पाच मिनिटं गेली. आता दर महिन्याला प्रत्येकाचं एक मिनिटाचं वाचन मी जपून ठेवते.

‘मोबाईल दिसला की मुलं रील बघणारच.’

ही भीती अनाठायी नाही. ‘असर’च्याच पाहणीत १४ ते १६ वयाच्या सुमारे ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे, आणि ज्यांना तो वापरता येतो त्यांच्यापैकी आठवडाभरात अभ्यासासाठी वापरणारी ५७ टक्के, तर समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के निघाली. म्हणजे रील घरी चालू आहेत, शाळेचा टीव्ही विकून त्या थांबणार नाहीत. फ्रान्सने २०१८ मध्ये कायदा करून शाळेत मुलांच्या फोनवर बंदी घातली, ती मला पटते. मुलाच्या खिशातला फोन वेगळा आणि शिक्षिकेच्या टेबलावरचा वेगळा. माझ्या वर्गात फोन माझ्या हातात असतो. व्हिडिओ मी तालुक्याच्या गावी उतरवून पेन ड्राइव्हवर आणते, त्यामुळे मध्ये जाहिरात नाही की भलतंसलतं काही नाही.

बैठकीत मी एवढंच मांडलं: पहिलीला टीव्ही नको, बाकी वर्गांना दिवसाला वीस मिनिटांच्या वर नको, आणि ज्या पालकांना शंका आहे त्यांनी कुठल्याही दिवशी न सांगता येऊन मागच्या रांगेत बसावं. वह्यांसाठी वेगळी वर्गणी काढू, पहिले पाचशे माझे. शाळेचं वीजबिल मात्र दोन महिने थकलंय आणि मीटर कापला गेला तर टीव्ही ठेवायचा की विकायचा हा वादच उरणार नाही. पुढच्या बैठकीत तो विषय पहिला घ्या, असं मी अध्यक्षांना लिहून दिलंय.