एका रात्रीत ३००० जपानी? मामा, जरा हिशोब तरी करा

परवा फॅमिली ग्रुपवर मामांनी एक लांबलचक फॉरवर्ड टाकला, वर तीन तिरंगे, खाली जोडलेले हात, आणि विषय काय तर अमेरिकन मरीन, म्हणजे समुद्रातून किनाऱ्यावर उतरून लढणारं, आर्मीहून वेगळं दल! एचबीओची २०१० सालची 'द पॅसिफिक' नावाची दहा भागांची सिरीज आहे ना, दुसऱ्या महायुद्धात जपानशी लढलेल्या मरीनांवरची, तिच्यावरून कोणीतरी 'शंभर टक्के सत्यकथा' रचलीय. एरवी मी असलं काही न वाचताच पुढे जातो. पण आमचा भाचा एनडीएची तयारी करतोय, त्यानं हे पाठ करून क्लासमध्ये भाषण ठोकलं आणि वर टाळ्या मिळवून आला, म्हणून बसलोय टाइप करत.

पहिलाच मुद्दा घ्या. जॉन बॅसिलोन या मरीन सार्जंटनं ऑक्टोबर १९४२ मध्ये पॅसिफिकमधल्या ग्वाडलकनाल बेटावर एका रात्रीत, एकट्यानं, एका मशीनगननं ३००० जपानी मारले म्हणे. अहो, रात्र दहा तासांची धरली तरी दर बारा सेकंदाला एक माणूस, उजाडेपर्यंत, न थांबता. त्यातच हा गडी बंद पडलेली गन दुरुस्त करतोय, शत्रूच्या मधून वाट काढत गोळ्या आणतोय, तोवर जपानी काय टोकन घेऊन रांगेत उभे होते? ३००० हा आकडा चालून आलेल्या रेजिमेंटचा सांगतात, मेलेल्यांचा नाही. त्याला मेडल ऑफ ऑनर, म्हणजे अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळालं त्याचं मानपत्र नेटवर फुकट वाचायला मिळतं. त्यात असं आहे की त्याच्याकडे हेवी मशीनगनचे दोन सेक्शन होते, एका सेक्शनमध्ये दोनच माणसं धड उरली, तेव्हा त्यानं जादा गन आणून लावली, आणखी एक भर गोळीबारात दुरुस्त करून स्वतः चालवली आणि दारूगोळा संपत आल्यावर जीव धोक्यात घालून तो आणला. जपानी रेजिमेंट जवळपास संपली त्यात त्याचा मोठा वाटा होता, असं म्हटलंय. वाटा! किती मारले याचा आकडाच नाही त्यात. जे केलं ते कमी आहे का, की वर मीठमसाला लावायलाच हवा?

'मरीनांनी एकट्यांनी युद्ध जिंकलं' हेही तसलंच. त्याच रात्री त्याच लाइनवर आर्मीची १६४ वी इन्फंट्री, म्हणजे नॉर्थ डकोटाची पोरं, अंधारात मरीनांच्या खड्ड्यांत आणून बसवली होती. जपानच्या ओकिनावा बेटावर तर आर्मीच्या डिव्हिजन मरीनांपेक्षा जास्त होत्या. आणि 'पेलेलिउ घेतलं म्हणून जपान हरला'? अमेरिकन नौदलाचा ॲडमिरल हॅल्सी आधीच सांगत होता की या बेटाची मोहीम रद्द करा. तिथल्या मरीनांचा जनरल रुपर्टस म्हणाला तीन-चार दिवसांत आटपेल, लागले दोन महिन्यांच्या वर. असो.

मला खरा राग आला तो चौथ्या मुद्द्याचा. 'जपानी कधीच शरण येत नसत, म्हणून मरीन कैदी घेत नसत, आणि शत्रूशी असंच वागायला पाहिजे.' अर्धं खरं आहे, मान्य करतो. पेलेलिउवर जवळपास ११,००० जपानी होते आणि हाती लागले दोनशेच्या आसपास, त्यातही बहुतेक मजूर. पण 'कधीच'? ओकिनावात १९४५ मध्ये सात हजारांवर जिवंत पकडले, ते कोण होते मग?

आणि 'असंच वागायला पाहिजे' म्हणायला ज्या युजीन स्लेजचं नाव वापरलंय त्याचं पुस्तक तरी उघडायचं. 'विथ द ओल्ड ब्रीड', १९८१ चं, सिरीज बऱ्याच अंशी त्याच्यावर बेतलीय. माणूस पेलेलिउ आणि ओकिनावा दोन्हीकडे मॉर्टरवर होता, डायरी ठेवायला बंदी म्हणून खिशातल्या बायबलमध्ये टिपणं ठेवायचा. त्यात एक मरीन जखमी जपान्याचे सोन्याचे दात काढत बसलाय, तो माणूस अजून जिवंत आहे, तडफडतोय म्हणून सुरी घसरते, तर हा वैतागून त्याचे गाल कानापर्यंत चिरतो. शेवटी दुसरा एक मरीन येऊन गोळी घालतो आणि त्याला सोडवतो. पुढे स्लेजलाही दात काढायचा मोह होतोच. तेव्हा डॉक कॅसवेल, त्यांचा मेडिकलवाला, म्हणतो नको, जंतू असतात. जंतू हे निमित्त होतं, डॉकला दोस्तातलं माणूसपण वाचवायचं होतं, हे स्लेजला युद्धानंतर उमगलं. हे वाचून 'असंच वागा' कुठून काढलं बाबांनो? (सिरीजमध्ये हा प्रसंग डॉकच्या ऐवजी स्लेजचा साथीदार स्नाफू याच्या तोंडी दिलाय, तेव्हा 'शंभर टक्के सत्य' तिथेच निकालात.) भाच्याला ती पानं वाचायला दिली. गालाच्या ओळीपाशी थांबला आणि म्हणाला, हे भाषणात नव्हतं.

शेवटची ओळ तर कहर आहे: 'युद्धानंतर बॅसिलोन गावी शांत जीवन जगले.' तो वॉर बाँड (युद्धखर्चासाठीचे सरकारी रोखे) विकायला मायदेशी आणलेला माणूस, मागे लागून परत लढाईवर गेला आणि १९ फेब्रुवारी १९४५ ला इवो जिमावर पहिल्याच दिवशी मारला गेला. लग्नाला सात महिने झाले होते. आठव्या भागात दाखवलंय हे. फॉरवर्डवाल्यानं सिरीज सातव्यातच सोडलेली दिसतेय.