मे काकूने बरोबरच केलं

आज सकाळी माझ्या मावशीला तिच्याच घरात बसून, तिच्याच हातचे पोहे खात, एका नातेवाईकाने मरणाला टेकलेल्या दिराला माफ कर म्हणून ऐकवलं, "जाणाऱ्या माणसावर राग धरू नये. मरणान्तानि वैराणि, वैर मरणापाशी संपतं." मावशी समोर होती म्हणून मी गप्प बसले. आता घरी आलेय, आता बसणार नाही.

मला आधी स्पायडरमॅनच्या कॉमिक्समधला खलनायक व्हल्चर आठवला. हसा खुशाल. खरं नाव एड्रियन टूम्स. १९६३ साली स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटकोने त्याला आणला तोच म्हातारा म्हणून. टक्कल, बाकदार नाक, हिरवा पोशाख, पंख. बाकीचे खलनायक दंड फुगवून यायचे, हा आजोबा उडत यायचा. तर १९९२ मध्ये एक तीन अंकांची गोष्ट आली. लेखक जे. एम. डीमॅटिस, चित्रं सॅल बुसेमाची. टूम्सला कॅन्सर झालाय, आणि तोही ज्या यंत्राच्या जोरावर इतकी वर्षं उडाला त्याच्यामुळेच. दिवस थोडे उरलेत. मग तो काय करतो? ज्यांनी ज्यांनी आपलं वाईट केलं त्यांचे हिशेब चुकते करायला निघतो. आणि त्याच धावपळीत मे काकूसमोर, म्हणजे स्पायडरमॅनच्या, पीटर पार्करच्या काकूसमोर जाऊन क्षमा मागतो.

कशाबद्दल? नेथन लुबेन्स्कीबद्दल. मे काकूचा म्हातारपणीचा जोडीदार, व्हीलचेअरवरचा माणूस. १९९० च्या एका अंकात व्हल्चरने त्याला ओलीस धरलं आणि त्यातच हृदय बंद पडून तो गेला.

मे काकू क्षमा करत नाही. मे काकू! जगातली सर्वात मवाळ बाई, जी शत्रूलाही गव्हाच्या पिठाचे पॅनकेक देईल. ती नाही म्हणते.

फोर्टच्या फूटपाथवर जुने अंक मिळायचे तिथून ही गोष्ट मी कॉलेजात असताना उचलली होती. तेव्हा मला वाटलं होतं, काय कठोर बाई आहे. आता मावशीकडे बघून कळतंय.

माझ्या काकांचं, म्हणजे मावशीच्या यजमानांचं तेरावं झालं, त्याच आठवड्यात तिचे हे धाकटे दीर कागद घेऊन आले. "वहिनी, नुसती फॉर्मॅलिटी आहे." रिक्षा करून रजिस्ट्रारकडे नेलं. आपल्या खिशातलं पेन काढलं, टोपण उघडून हातात दिलं. ते टोपण उघडून देणं मावशी अजून सांगते. हक्कसोडपत्र होतं ते. गावचं घर, बाग, सगळं गेलं. त्यानंतर मावशीने शिवणकाम करून पोरं वाढवली, हे तुम्हा सगळ्यांना माहीतच आहे.

आता हे दीर शेवटच्या टप्प्यात आहेत. निरोप आलाय, "वहिनींना भेटायचंय, मन मोकळं करायचंय." ठीक. पण याच माणसाने त्याच पलंगावरून मुलाला बजावलंय की पुतण्यावरचा गडग्याचा, म्हणजे हद्दीच्या दगडी कुंपणाचा दावा मागे घ्यायचा नाही, तारखेला त्याला सोडायचा नाही. दोन्ही निरोप एकाच दिवशी आले. एकीकडे हात जोडायचे, दुसरीकडे वकिलाला फोन.

म्हणून मला टूम्स आठवला. त्याची यादी एकच आहे हो! कुणाला मारायचं आणि कुणाची माफी मागायची, दोन्ही नावं त्याच कागदावर. दोन्हींचा उद्देशही एकच, आपल्याला शांतपणे जाता यावं. त्यात नेथन कुठे आहे? मे काकू कुठे आहे?

आणि ते मरणान्तानि वैराणि! अहो, ते रामाने म्हटलंय, रावण मेल्यावर. काम तडीस गेल्यावर. विभीषणाला भावाचे अंत्यसंस्कार कर म्हणून सांगताना. रावण जिवंत असताना, सीता अशोकवनात असताना कुणी तिला जाऊन नव्हतं सांगितलं की बाई, राग सोड. घर परत करा, मग म्हणा श्लोक. मी स्वतः पूजेचं ताट घेऊन येते.

हो, राग धरून बसलं की आपलंच बीपी वाढतं. मान्य. डॉक्टर सांगतात ते बरोबरच असेल.

लिहिता लिहिता थोडी निवळले. टूम्सचं वाईटही वाटतं मला. त्याची मूळची कहाणी अशी की यंत्र त्याने बनवलं आणि धंद्यातला भागीदार बेस्टमन पैसे खात राहिला. म्हणजे तोही कुणाच्या तरी सहीने बुडालेला. क्रेव्हन नावाच्या दुसऱ्या खलनायकासारखी ऐट नाही त्याच्यात. क्रेव्हनने १९८७ मध्ये स्पायडरमॅनला जिवंत गाडला, मग स्वतःला गोळी घातली, वाचक अजून हळहळतात. डॉक्टर ऑक्टोपस या आणखी एका खलनायकाने २०१२ मध्ये मरता मरता पीटरचं शरीरच पळवलं. टूम्सला असलं काही भव्य जमत नाही. आजारी, चिडका, एकटा म्हातारा. आणि दिरांनीही लहानपणी मला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली आहे, ते मी विसरलेले नाही. मी जाईन भेटायला. सफरचंदंही नेईन. पण तो माझा प्रश्न झाला. मावशीला कुणी ओढून न्यायचं नाही.

तिने काय उत्तर पाठवलं माहितीये? "भाऊजींना सांग, काही कागद द्यायचा असेल तर पाठवून द्या. या वेळी चष्मा लावून वाचेन." एवढंच. मग भाजी निवडायला बसली.

यावर मघाचे पोहेवाले मला म्हणाले, तुझ्या मावशीचं मन दगडाचं आहे. दगडाचं?? तेव्हा रजिस्ट्रारच्या दारात कुणी उभं राहिलं नव्हतं ते!

आणि ज्यांनी पुढचे अंक वाचले नाहीत त्यांच्यासाठी, टूम्स मेलाच नाही. १९९४ मध्ये म्हातारा दुसऱ्यांची ताकद शोषून चक्क तरुण होऊन परत आला आणि पुन्हा तेच उद्योग सुरू. मे काकूने तेव्हा डोळे पुसत माफ केलं असतं तर केवढी पंचाईत!

अंक माझ्याकडे आहेत, कुणाला हवे असतील तर देईन. परत आणून द्या फक्त. मागच्या वेळी नेलेला एक अजून आलेला नाही, आणि कुणी नेलाय ते मला माहीत आहे.