जोसेफ स्मिथ यांचं प्रेषितपण हा नुसता मुखवटा होता का?

अमेरिकेतल्या मॉर्मन या ख्रिस्ती पंथाबद्दल एक दावा सगळीकडे फिरतो: 'संस्थापक जोसेफ स्मिथला पहिल्यापासून सत्ताच हवी होती, धर्म हे निमित्त. म्हणूनच तो अमेरिकेच्या अध्यक्षपदाला उभा राहिला आणि त्या हव्यासापायी मेला.'

'पहिल्यापासून' म्हणणं कालक्रमाला धरून नाही. चर्च स्थापन झालं 1830 मध्ये, इलिनॉय राज्यातल्या नॉवू या मॉर्मनांच्या शहराचं महापौरपद आलं 1842 मध्ये. मधली वर्षं दावेदार गाळतात. ऑक्टोबर 1838 मध्ये मिसूरीचे गव्हर्नर बॉग्ज यांनी लेखी हुकूम काढला: मॉर्मनांना राज्याबाहेर हाकला, नाहीतर संपवा. तीनच दिवसांनी हॉन्स मिल इथे हल्लेखोरांनी 17 जण मारले, त्यात लहान मुलंही होती. हजारो माणसं भर हिवाळ्यात घरदार टाकून इलिनॉयकडे निघाली. दाद मागायला स्मिथ 1839 मध्ये अध्यक्ष व्हॅन ब्यूरेन यांना भेटले आणि रिकाम्या हाताने परतले. नॉवूला सनद, न्यायालय आणि स्वतःची फौज हवीशी वाटली ती या अनुभवानंतर.

अध्यक्षपदाचंही तसंच. आधी त्यांनी पाच संभाव्य उमेदवारांना पत्रं लिहून विचारलं, आमच्यासाठी काय कराल? समाधानकारक उत्तर आलं नाही, तेव्हा जानेवारी 1844 मध्ये ते स्वतः उभे राहिले. जाहीरनाम्यात 1850 पर्यंत गुलामगिरी संपवून मालकांना सरकारी जमिनींच्या विक्रीतून मोबदला देण्याची योजना होती.

महत्त्वाकांक्षा नव्हती, असं मी म्हणत नाही. प्रेषित, महापौर, नगर न्यायालयाचे प्रमुख, फौजेचे लेफ्टनंट जनरल, सगळे एकच गृहस्थ! मार्च 1844 मध्ये त्यांनी गुप्त 'पन्नासांची परिषद' स्थापली, आणि पुढच्याच महिन्यात तिने त्यांना प्रेषित, पुरोहित आणि राजा म्हणून स्वीकारलं. पण हे ढोंग मानलं की खरा धोका नजरेआड होतो. देवाचं राज्य येतंय, अशी या माणसांची मनापासून श्रद्धा होती. मग 'नाही' म्हणणार कोण? 'नॉवू एक्स्पॉझिटर' या वृत्तपत्राने म्हटलं. बहुपत्नीत्व आणि धर्म-राज्याची सरमिसळ यांवर त्याने उघड टीका केली. एकच अंक निघाला. 10 जूनला महापौर स्मिथ यांच्या हुकमाने छापखाना मोडला गेला. हा अन्याय होता, त्याला सबब नाही.

पण 'हव्यासापायी मेला' हे साफ चूक. 27 जूनला ते इलिनॉयमधल्या कार्थेज गावच्या तुरुंगात सरकारच्या ताब्यात होते, राज्याचे गव्हर्नर फोर्ड यांनी संरक्षणाची हमी दिलेली होती. तोंडं रंगवलेल्या जमावाने आत घुसून त्यांना आणि भाऊ हायरम यांना गोळ्या घातल्या. 1845 मध्ये पाच जणांवर खटला चालला, पाचही निर्दोष सुटले.