एकाच छत्रीचे व्याकरण

मी मराठी विषयात एम.ए. केले आहे हे घरात सर्वांना ठाऊक आहे. तरीही, केवळ मी कार्यालयातील साहेबांशी फोनवर इंग्रजीत बोलतो एवढ्या पुराव्यावर, ताईने घटक चाचणीच्या आदल्या शनिवारी आपल्या आठवीतल्या लेकीला सिडकोतून आमच्या पंचवटीच्या घरी आणून सोडले आणि ‘हिचे ग्रामर जरा बघ’ असे सांगून ती निघून गेली. आमच्या पिढीला मराठी शाळेत एबीसीडी पाचवीत भेटली. 2000 सालापासून ती पहिलीतच शिकवू लागले. म्हणजे भाचीची इंग्रजीशी ओळख माझ्यापेक्षा चार इयत्ता आधीची, हे माझ्या लक्षात यायला जरा उशीर झाला.

“मामा, मुलगे अनेक असले की ‘बॉइज’ला एस लागतो ना? मग ‘बॉय रन्स’मध्ये मुलगा एकच असून क्रियापदाला एस कशाला?”

नियम मला पाठ होता. कारण कधी कोणी विचारले नव्हते. अखेर कोपऱ्यातल्या छत्रीने मला वाचवले. घरात छत्री एकच आहे असे समज, मी म्हणालो. मुलगे अनेक झाले की ती नामाकडे जाते आणि क्रियापद भिजते. मुलगा एकटा असला की क्रियापद ती घेऊन निघते. प्रश्न विचारताना ‘डज’ पुढे येतो आणि छत्री हिसकावून घेतो, म्हणून ‘डज ही गो’मध्ये ‘गो’ उघडाच. ‘डिड’चेही तसेच, भूतकाळ त्याने एकदा अंगावर घेतला की ‘डिड वेंट’ म्हणण्याचे कारण उरत नाही. (मराठीत आपण आंबा खाल्ला आणि पोळी खाल्ली म्हणतो, कारण आपले क्रियापद खाल्लेल्या वस्तूचेही मन राखते, इंग्रजी ‘एट’ला त्याचे सोयरसुतक नाही.)

यशाने मी फुगलो आणि स्वरापूर्वी ‘ॲन’ येतो असे ठणकावून सांगितले. तिने शांतपणे ‘अ युनिव्हर्सिटी’ आणि ‘ॲन अवर’ लिहून दाखवले. नियम अक्षराचा नसून उच्चाराचा आहे, हे मग तिनेच मला समजावले आणि वर “तू सुद्धा ‘ॲन एम.ए.’च आहेस,” अशी पुस्ती जोडली.

शेवटी अर्जलेखन राहिले होते. मुख्याध्यापकांकडे दोन दिवसांची रजा मागायची होती. तापाचे कारण वर्गातली सगळीच मुले लिहितात म्हणून तिने नवे शोधले होते: ‘माय अंकल इज गेटिंग मॅरिड.’ विरामचिन्हे जागच्या जागी होती, ‘युवर्स ओबीडियंटली’ही चोख होते, पण अडतिसाव्या वर्षी अविवाहित असलेल्या एकुलत्या एक मामाला गप्प बसवेना.

“चालू वर्तमानकाळ भविष्यासाठी वापरतात तो बेत पक्का ठरलेला असेल तेव्हा,” मी शक्य तितक्या कोरड्या आवाजात म्हणालो. “इथे काहीही ठरलेले नाही.”

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले, खोडरबराने ‘इज गेटिंग’ खोडले आणि मोठ्याने विचारले, “मग ‘मे’ चालेल?”

“मेमध्ये?” स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला आणि पाठोपाठ ती हात पुसत बाहेर आली. “अरे, मग गंगापूर रोडचे लॉन्स आत्ताच बघायला हवे!”