पाइप मोठा झाला म्हणजे हायड्रंटला पाणी येतंच असं नाही

‘जुन्या चार इंची लाइनच्या जागी मोठी डीआय (डक्टाइल आयर्न, म्हणजे चिवट बिडाची) पाइपलाइन टाकली की हायड्रंट (आग विझवायला रस्त्यावरच्या लाइनमधून पाणी घ्यायचे नळ) पुन्हा उपयोगी पडतील’ हे नव्या पाइपलाइनवरच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही. आपल्या बहुतेक शहरांत पाणी दिवसातून दोन-तीन तास. चावीवाल्याने व्हॉल्व्ह बंद केला की लाइन कोरडी, मग पाइप कितीही इंची असो! आग काय पाण्याची वेळ बघून लागते? म्हणून तर बंब टँकरच्या भरवशावर येतो.

दुसरं म्हणजे देखभाल. जमिनीखालच्या हायड्रंटसाठी आयएस (भारतीय मानक) ९०९, उभ्यासाठी आयएस ९०८ अशी मानकं आहेत, बंबाच्या होजचं कपलिंगही (जोड) ६३ मिमीचं ठरलेलं. कागदावर सगळं चोख. आमच्या गल्लीत मात्र हायड्रंटच्या बिडाच्या झाकणावरच ठेकेदाराने पेव्हर ब्लॉक बसवले. मागे कोपऱ्यावरच्या दुकानाला आग लागली तेव्हा जवान पहारीने ब्लॉक उचकटत होते. झाकण निघालं, तर आत गाळ आणि गुटख्याच्या पुड्या. स्पिंडल (व्हॉल्व्ह उघडायचा दांडा) इतका गंजलेला की चावी फिरेना. शेवटी शेजारच्या सोसायटीच्या टाकीतून पाणी घेतलं. नवीन लाइनच्या टेंडरमध्ये हायड्रंट वर्षातून दोनदा उघडून बघण्याचं कलम आहे का, तेवढं लेखकाने विचारायला हवं होतं.