पाटीवरची वेळ मुलांची नाही

‘स्वित्झर्लंडमध्ये पायवाटांच्या पिवळ्या पाट्यांवर वेळ दिलेली असते, त्यामुळे लहान मुलांसोबतही दिवस नीट आखता येतो’ हे मुलांसोबतच्या स्वित्झर्लंड-भटकंतीवरच्या लेखातलं वाक्य अर्धंच खरं आहे. ती वेळ मोठ्या माणसाच्या चालीची, सपाटीवर ताशी साधारण ४ किलोमीटर धरून काढलेली. त्यात थांबे मोजत नाहीत, आणि चार वर्षांचं मूल तर थांबण्यासाठीच चालतं! आल्प्समधली मेन्लिखेन ते क्लायने शायडेग ही वाट दीडेक तासाची. आमच्या धाकटीने त्यातला बराच वेळ एका डबक्यात खडे टाकण्यात घालवला; समोरच्या आयगर शिखराकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मी तर म्हणेन, वेळ दुप्पट धरा आणि परतीच्या शेवटच्या गाडीपासून उलटा हिशोब करून निघा.

दुसरं, वाटांवरच्या खुणांच्या रंगांबद्दल लेखात चकार शब्द नाही. पांढरा-लाल-पांढरा पट्टा दिसला की ती डोंगरवाट, म्हणजे काही ठिकाणी चढ उभा, वाट अरुंद, कडेला दरी. पांढरा-निळा-पांढरा तर सराईतांसाठीच. मूल पाठीवरच्या कॅरिअरमध्ये असलं तरी तिकडे फिरकू नये. नुसती पिवळी खूण असलेल्या वाटाही काही कमी देखण्या नाहीत.