दमेकऱ्याच्या ‘मी मस्त आहे’ वर विश्वास ठेवू नका

दमा असलेल्या माणसाला तब्येत विचारली की तो ‘एकदम मस्त’ म्हणतो. त्याच्यावर विश्वास ठेवू नका. मी लहानपणापासून दमेकरी आहे म्हणून हक्काने सांगतेय. तो खोटं बोलत नसतो हो, त्याला खरंच तसं वाटत असतं. कारण जिना चढणं त्याने कधीच सोडलेलं असतं, रात्री दोन उशा लागतात त्याला तो ‘सवय’ म्हणतो, जोरात हसलं की खोकला येतो म्हणून हसतोही बेताने, आणि एवढं सगळं आयुष्य आखडून घेतल्यावर जे उरतं त्यात धाप लागत नाही, म्हणून मग मस्त!

हे माझं एकटीचं मत नाही. युरोपातल्या सात देशांतल्या पेशंटचा एक सर्व्हे २००० साली छापून आला होता, त्यात ज्यांची लक्षणं गंभीर आणि कायमची होती त्यांच्यातल्याही साधारण निम्म्या लोकांनी आमचा दमा छान कंट्रोलमध्ये आहे असं सांगितलं होतं. म्हणून चांगले डॉक्टर नुसतं ‘कसं वाटतंय’ विचारून थांबत नाहीत. गेल्या चार आठवड्यांत दिवसा त्रास आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा झाला का, दम्यामुळे रात्री एकदा तरी जाग आली का, आराम देणारा पंप आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त लागला का, एखादं काम दम्यामुळे टाळलं का, असं नेमकं विचारतात. स्वतःलाच विचारून बघा, यातल्या एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर दमा पूर्ण कंट्रोलमध्ये नाही.

आता निळा पंप, म्हणजे तोच आराम देणारा. आपलं सगळं प्रेम त्याच्यावर. साहजिकच आहे म्हणा, त्यातलं सालब्युटामॉल हे औषध ओढलं की काही मिनिटांत छाती मोकळी होते. पण ते फक्त श्वासनलिकेभोवतीचे आवळलेले स्नायू सैल करतं, आतली सूज तशीच राहते आणि चार-सहा तासांनी त्याचा असर उतरतो. सूज कमी करतो तो दुसरा पंप, रोजचा, स्टिरॉइडवाला, आणि बिचाऱ्याचा प्रॉब्लेम असा की ओढल्यावर लगेच काहीच जाणवत नाही, त्याचा परिणाम दिसायला दिवस नाहीतर आठवडे जातात. मग त्रास नाही म्हणजे दमा नाही असं गणित मांडून लोक तोच बंद करतात. २०१९ पासून जिना, म्हणजे दम्यावरच्या गाइडलाइन काढणारी जागतिक संस्था, स्पष्ट सांगतेय की मोठ्यांचा आणि किशोरवयीन मुलांचा दमा नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नका, स्टिरॉइडवालं औषध हवंच.

स्टिरॉइड म्हटलं की घरात जी शांतता पसरते ती मला पाठ आहे. तर हिशोब असा: पंपाच्या एका पफमध्ये साधारण १०० ते २०० मायक्रोग्रॅम औषध असतं. मोठा अटॅक आला की ज्या स्टिरॉइडच्या गोळ्या देतात त्या बहुतेकदा दिवसाला ४० मिलिग्रॅम, म्हणजे ४०,००० मायक्रोग्रॅम. औषधं वेगळी, त्यामुळे आकड्याला आकडा लावता येत नाही हे मान्य, पण पंपाचं औषध थेट फुप्फुसात जातं म्हणून थोडक्यात भागतं आणि गोळी सगळ्या अंगभर फिरते. पंपाला घाबरून जो पंप सोडतो त्याच्याच वाट्याला पुढे गोळ्या यायची शक्यता जास्त. आणि ‘पंपाची सवय लागते’ हे वाक्य बोलणाऱ्याने कृपया माझ्या कमेंटमध्ये येऊ नये. 😄

बरं, पंप घेणारे तरी नीट घेतात का? एक मित्र माझ्यासमोर पंप मारत होता, बटण दाबलं आणि तोंडाच्या कडेने पांढरा ढग बाहेर! अर्धं औषध हवेत. आणि म्हणतो या कंपनीचं औषध मला लागू पडत नाही. अरे, आधी डबा हलव, श्वास पूर्ण सोड, मग हळू ओढायला लागतानाच दाब, ओढून झालं की जमेल तसं दहा सेकंद रोखून धर. स्पेसर, म्हणजे पंपाच्या तोंडाला जोडायची प्लास्टिकची पोकळ नळी, लावला तर काम अजून सोपं. पावडरवाल्या पंपाचं मात्र उलट, तो जोरात आणि खोल ओढायचा. स्टिरॉइडवाल्यानंतर चूळ भरायची, नाहीतर तोंडात बुरशी येऊ शकते. हे सगळं डॉक्टरांसमोर एकदा करून दाखवा, लाजू नका.

अजून एक, निळ्या डब्यात बहुतेकदा २०० पफ असतात पण औषध संपल्यावरही गॅस शिल्लक असल्याने तो फुसफुसत राहतो, आणि ज्यावर उरलेले पफ दाखवणारा काउंटर नाही त्यात हे कळतच नाही, ऐन अटॅकमध्ये नुसता गॅस ओढत बसाल. उघडताना मार्करने तारीख टाका. वर्षात तीन किंवा जास्त निळे डबे लागत असतील तर अटॅकचा धोका वाढलेला धरतात, त्यामुळे रिकामे डबे फेकू नका, पुढच्या अपॉइंटमेंटला पिशवीत घालून न्या आणि टेबलावर ओता.